शेवटची पंधरा मिनिटं: दुखापत नेमकं काय घेऊन जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा पातळीवर फुटबॉल खेळणारा तुमचा संघ सत्तराव्या मिनिटापर्यंत बरोबरीत किंवा एका गोलने पुढे असतो आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत गोल खातो. मोसमभर दोन-तीन भरवशाचे खेळाडू दुखापतीने बाहेर. मंडळातले जाणकार म्हणतात, पोरांना दम नाही, आणखी पळवा. तुम्हाला विचारायचंय की हे दुखापतींमुळे होतंय की डावपेचांमुळे. शिवाय तुमच्या मुख्य स्टॉपरची (मधल्या बचावपटूची) मांडी मागच्या बाजूने दोनदा धरली आहे, त्याला खेळवायचं की नाही?

क्लबच्या पोरांना शिकवण्यात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत पक्कं झालंय की ही दोन कारणं वेगळी काढताच येत नाहीत. दुखापत एक खेळाडू घेऊन जाते, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्याबरोबर ती तुमच्या हातातला एक बदल घेऊन जाते आणि ‘साठाव्या मिनिटाला याला काढू, त्याला उतरवू’ हा आधी केलेला सगळा हिशेब मोडते. हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही. वसुली होते ऐंशीव्या मिनिटानंतर.

याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २४ मे २०१४ चा लिस्बनमधला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, रेआल माद्रिद विरुद्ध अ‍ॅटलेटिको माद्रिद. एक आठवडा आधी अ‍ॅटलेटिकोने बार्सिलोनाच्या मैदानावर १-१ बरोबरी साधून स्पॅनिश लीग जिंकली होती, पण त्याच सामन्यात दिएगो कोस्टा आणि आर्दा तुरान दोघंही दुखापतीने बाहेर गेले. तुरान अंतिम सामन्याला मुकला. कोस्टाची मांडी सावरली असेल या आशेवर प्रशिक्षक सिमिओनींनी त्याला पहिल्या अकरात घेतलं आणि नवव्या मिनिटाला त्याला बाहेर यावं लागलं. तेव्हा तीनच बदल मिळायचे. त्यातला एक दहा मिनिटांच्या आत संपला.

तरी ३६व्या मिनिटाला गोदिनच्या हेडरने अ‍ॅटलेटिको पुढे गेलं. ६६व्या मिनिटाला दुसरा बदल झाला. ८३व्या मिनिटाला लेफ्ट बॅक (डाव्या कडेचा बचावपटू) फिलिपे लुईस दुखावला, तिसराही गेला. आता रेआलकडे बघा. त्यांचे प्रशिक्षक आन्चेलोत्ती यांनी ५९व्या मिनिटालाच मार्सेलो आणि इस्को हे दोन ताजे, चेंडूवर हुकूमत असलेले खेळाडू उतरवले होते. त्यातला एकही बदल त्यांच्यावर दुखापतीने लादलेला नव्हता. भरपाई वेळेतल्या तिसऱ्या मिनिटाला मॉड्रिचच्या कॉर्नरवर रामोसने डोक्याने बरोबरी केली. लोकांना तो गोल आठवतो. मला जास्त बोलका वाटतो तो जादा वेळ. अ‍ॅटलेटिकोचा राइट बॅक हुआनफ्रान लंगडत होता आणि बाकावरून कुणाला आणायची सोय उरली नव्हती. ११०व्या मिनिटाला दि मारिया नेमका त्याच्याच बाजूने आत घुसला, गोलरक्षक कुर्त्वाच्या पायाला लागून उडालेला चेंडू बेलने डोक्याने आत ढकलला. ११८व्या मिनिटाला मार्सेलो, १२०व्या मिनिटाला पेनल्टीवर रोनाल्डो. सामना ४-१ असा संपला. आकडा बघणाऱ्याला वाटेल की रेआलने सहज मारलं.

इथे पळण्याचा दम कमी पडला असं कोण म्हणेल? त्या मोसमात अ‍ॅटलेटिकोइतका चिवट संघ युरोपात शोधूनही सापडला नसता. नवव्या मिनिटाला झालेला खर्च त्यांना पुढच्या शंभर मिनिटांत भरून काढता आला नाही, इतकंच.

आपल्या घरचं उदाहरणही आहे. १४ जानेवारी २०१९, शारजा, आशिया चषक, भारत विरुद्ध बहरीन. बरोबरी झाली असती तरी भारत बाद फेरीत गेला असता. चौथ्याच मिनिटाला स्टॉपर अनस एडाथोडिका दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी सलाम रंजन सिंग. पुढची जवळजवळ सगळी लढत आपण मागे बसून काढली आणि ९१व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला. पेनल्टी ज्याच्या हातून झाली त्या प्रणय हलदरला लोकांनी भरपूर ऐकवलं. पण दीड तास आपल्या गोलसमोर गर्दी करून उभ्या राहिलेल्या संघाकडून शेवटी कुणाचा तरी पाय आडवा जातोच. तो नसता तर दुसरा कुणी.

आता नियम बदललाय. बऱ्याच स्पर्धांत पाच बदल मिळतात, पण ते तीन थांब्यांतच, म्हणजे बदलासाठी खेळ तीनदा थांबवूनच, वापरायचे असतात. मध्यंतरातला बदल थांब्यात धरत नाहीत. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी नीट वाचा, स्थानिक स्पर्धांत बदलांची संख्या आणि थांबे दोन्ही वेगळे असू शकतात. पण तीन थांब्यांचा नियम असेल तर माझी एक सवय सांगतो. उत्तरार्धात कुणी दुखावला आणि बदल करावाच लागला, तर त्याच थांब्यात आपण दहा मिनिटांनी करणार होतो तो दुसरा बदलही उरकून टाकायचा. नाहीतर पाचपैकी दोन बदल शिल्लक असतात आणि ते वापरायला थांबाच उरलेला नसतो. मध्यंतरात ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला मध्यंतरातच बदला, तो फुकटचा थांबा आहे. आणि शेवटचा थांबा ऐंशीव्या मिनिटापर्यंत हात राखून ठेवा. अपवाद गोलरक्षकाचा, तिथे काही इलाज नसतो.

बदल संपल्यावर कुणी लंगडायला लागला तर? तो मागच्या फळीत असेल तर त्याला तिथे ठेवू नका. पुढे पाठवा, आघाडीला किंवा चेंडूपासून लांबच्या कडेला, आणि धडधाकट मिडफिल्डरला त्याच्या जागी मागे घ्या. पुढे उभा असलेला लंगडा खेळाडूसुद्धा समोरच्या एका स्टॉपरला अडकवून ठेवतो. मागे उभा असलेला लंगडा बॅक मात्र समोरच्या संघाला दिसायला दोन मिनिटंही लागत नाहीत, मग सगळा खेळ त्याच बाजूने सुरू होतो.

यापेक्षा वाईट असते न सांगितलेली दुखापत. आपल्याकडे पोरं सांगत नाहीत. आपल्या तालमीच्या, म्हणजे मंडळाच्या, संघाचा सामना, भरलेली गॅलरी, घरचे बघायला आलेले; बाहेर बसायची लाज वाटते. विचारलं की ‘काय नाही सर, खेळतो मी’. त्याच्या तोंडाकडे बघूच नका, पायाकडे बघा. वेग घेताना पुष्कळ वेळा काही कळत नाही, थांबताना कळतं. ज्याची मांडी धरलीय तो जोरात पळून आल्यावर एका जागी थांबत नाही, चार-पाच बारीक पावलं टाकत वेग मोडतो. घोटा दुखावलेला, एरवी उजव्या पायाने खेळणारा खेळाडू अचानक डाव्या पायाने पास द्यायला लागतो. एरवी धावत जाऊन थ्रो घेणारा बॅक चालत जातो. बॅकचं वर चढणं बंद होतं आणि आपल्याला वाटतं की पोरगं शहाणपणाने जागा धरून खेळतंय! उत्तरार्ध सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं मी चेंडू बघतच नाही, आपल्या चार बॅककडे बघतो. मध्यंतरात शरीर थंड झाल्यावर लपलेलं दुखणं त्याच वेळी वर येतं.

पोटरीत गोळा येणं ही गोष्ट वेगळी. तो थकव्याचा प्रकार आहे, स्नायू फाटलेला नसतो. मीठ-साखरेचं पाणी चांगलंच, पण गोळ्याचं मुख्य कारण म्हणजे त्या स्नायूला सवय नसलेलं काम त्याच्याकडून शेवटपर्यंत करून घेणं. एकदा गोळा आला की तो पुन्हा येतो, त्यामुळे ताणून देऊन खेळाडू परत उतरला तरी आपल्या डोक्यात त्याचा बदल ठरलेला असला पाहिजे.

डोक्याला मार लागला तर मात्र हिशेब नाही, चर्चा नाही, बाहेर. २०१४च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रामर १७व्या मिनिटाला डोक्यावर आपटल्यानंतरही बराच वेळ खेळत राहिला आणि त्याने पंचांनाच विचारलं की हा अंतिम सामना आहे का! ३१व्या मिनिटाला त्याला काढलं. गंमत अशी की क्रामर स्वतःच केदिराची पोटरी सरावात धरल्यामुळे ऐनवेळी संघात आला होता. म्हणजे एका जागेसाठी दोन दुखापती. पण प्रशिक्षक ल्यॉव यांनी त्याच्या जागी तशाच पठडीतला मिडफिल्डर शोधत बसण्याऐवजी शुर्लं हा आघाडीचा खेळाडू उतरवला. ११३व्या मिनिटाला डावीकडून क्रॉस दिला तो शुर्लंनेच, आणि गोल केला तो ८८व्या मिनिटाला उतरलेल्या गोट्झंने. समोर अर्जेंटिनाचा दि मारिया मांडीच्या दुखापतीने बाहेर होता, आणि त्यांची उपांत्य लढत जर्मनीनंतर एक दिवसाने, तीही जादा वेळ आणि पेनल्टींपर्यंत गेलेली. लादलेला बदल नेहमी तोट्यातच जातो असं नाही, हे सांगायला हा सामना बरा पडतो. जागेसाठी जागा भरायची की उरलेल्या सामन्यासाठी माणूस निवडायचा, हा निर्णय तेवढ्या अर्ध्या मिनिटात प्रशिक्षकाचा असतो.

आपल्या मुंबईकर वाचकांना १३ मार्च २०२१ चा गोव्यात फातोर्ड्याला झालेला आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना आठवत असेल. मुंबई सिटीचा अमेय राणवडे पूर्वार्धाच्या शेवटी डोक्याला मार लागून पडला, मैदानात रुग्णवाहिका आली, खेळ बराच वेळ थांबला. असा प्रसंग पाहिल्यावर संघ गारठतो. मुंबईने १-१ वर जादा वेळेची वाट पाहत बसणं टाळलं. बदली उतरलेल्या ऑग्बेचेने पुढे दबाव ठेवला, ९०व्या मिनिटाला समोरचा गोलरक्षक पुढे आल्यावर चेंडू त्याने बिपिन सिंगकडे दिला आणि करंडक मुंबईत आला.

आता डावपेचांकडे येतो, कारण तुमच्या संघाचा मोठा रोग मला इथेच वाटतो. एका गोलची आघाडी मिळाली की बचावफळी कुणी न सांगता मागे सरकते. दर हल्ल्याला पाच पावलं. आघाडीचा पोरगा मात्र अर्ध्या रेषेवरच उभा असतो. मधे चाळीस मीटरचं मोकळं मैदान. आपला स्टॉपर चेंडू जोरात मारून बाहेर काढतो, तो त्या मोकळ्या जागेत पडतो, समोरचा मिडफिल्डर शांतपणे उचलतो आणि दहा सेकंदांत चेंडू पुन्हा आपल्या पेनल्टी क्षेत्राशी. असं पंधरा मिनिटं झालं की कोणताही संघ दमलेला दिसेल. मग बाहेरून बघणारे म्हणतात, दम नाही. अहो, चेंडूमागे पळणाऱ्याचा दम चेंडू खेळवणाऱ्यापेक्षा लवकर संपणारच!

यावर औषध मागेच आहे. चेंडू बाहेर मारला की पूर्ण फळीने त्याच्यामागे वर सरकायचं. ‘बाहेर!’ ही हाक एकाच माणसाची असावी, शक्यतो स्टॉपरची किंवा गोलरक्षकाची. वर न सरकणारा एक बॅक समोरच्या सगळ्या आघाडीवीरांना ऑनसाइड ठेवतो, म्हणजे ऑफसाइडमधून वाचवतो. आणि पुढे असा एक माणूस ठेवा ज्याला पाठीवर स्टॉपर घेऊन चेंडू धरता येतो. दमलेल्या आघाडीवीराच्या जागी आणखी एक बचावपटू उतरवणं हा आपल्या प्रशिक्षकांचा आवडता बदल, आणि माझ्या मते बहुतेक वेळा चुकीचा. पुढे चेंडू धरणारं कुणी नसलं की मागच्या सहा जणांना उसंत कशी मिळणार?

उलट टोकाचं उदाहरण जपानचं. २ जुलै २०१८, रोस्तोव, विश्वचषकाची बाद फेरी. ५२व्या मिनिटाला जपान बेल्जियमविरुद्ध २-० ने पुढे. बेल्जियमच्या मार्टिनेझ यांनी ६५व्या मिनिटाला एकदम दोन बदल केले, उंचापुरा फेलायनी आणि शादली. डाव साधा होता: जपानी बचावपटूंपेक्षा डोकी वर काढा आणि चेंडू हवेतून टाका. ६९व्या मिनिटाला फेर्टोंगेनचं हेडर, ७४व्या मिनिटाला फेलायनीचं हेडर, २-२. जपानने पहिला बदल केला ८१व्या मिनिटाला. समोरचा डाव बदललेला दिसत असताना सोळा मिनिटं. मला जपानी संघाबद्दल आदरच आहे, पण हा उशीर मला कधी पटला नाही.

आणि शेवट तर शिकवण्यासारखा. भरपाई वेळेतलं चौथं मिनिट, जपानला कॉर्नर. होंडाने चेंडू थेट गोलसमोर टाकला, कुर्त्वाने तो हवेतच पकडला आणि लगेच द ब्रॉयनच्या वाटेत लोटला. जपानची बरीच माणसं वरच राहिली होती. द ब्रॉयन मधून सुसाट निघाला, उजवीकडे म्युनियेला पास, त्याचा क्रॉस, लुकाकूने चेंडू मुद्दाम सोडला आणि मागून आलेल्या शादलीने गोल केला. दहा सेकंदांच्या आसपास सगळं. जपानच्या कुणाला दुखापत नव्हती. जादा वेळ अर्ध्या मिनिटावर असताना कॉर्नर छोटा खेळून चेंडू कोपऱ्यात ठेवायचा की सगळी माणसं वर न्यायची, एवढाच निर्णय होता.

कॉर्नर आणि फ्री किक हा शेवटच्या दहा मिनिटांतला सगळ्यात स्वस्त गोल. दमलेला माणूस चेंडू बघतो, आपला माणूस सोडतो. १७ मार्च २०१९ ला मुंबईत झालेल्या आयएसएल अंतिम सामन्यात बंगळुरूकडून आपल्या राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला कॉर्नरवरच हेडरने गोल केला, तेव्हा गोव्याचा संघ जाहूहला लाल कार्ड मिळाल्याने दहा जणांचा झाला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध आपण हरत होतो. संदेश झिंगन गुडघ्याच्या दुखापतीने काही दिवस आधीच बाहेर गेलेला. स्टॉपर म्हणून खेळणाऱ्या गोव्याच्या आदिल खानने ८८व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर हेडर मारून १-१ केलं. तुमच्यासाठी यातून एकच सूचना: समोरच्याला कॉर्नर मिळाला असताना बदल करू नका. नव्या खेळाडूला कोणाला धरायचं ते कळेपर्यंत चेंडू आत आलेला असतो. आधी कॉर्नर जाऊ द्या.

सरावाबद्दल थोडक्यात. ‘आणखी पळवा’ याने मांडीच्या दुखापती वाढतील, गोल कमी होणार नाहीत. मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत जोरात पळताना होते आणि प्रत्येक अर्धाच्या शेवटाकडे तिचं प्रमाण वाढतं. त्यासाठी नॉर्डिक हा व्यायाम आहे: गुडघ्यांवर बसायचं, साथीदाराने घोटे दाबून धरायचे, शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, जेवढं धरता येईल तेवढं धरायचं. नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. खर्च शून्य. फिफाचा ‘अकरा प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अपही तसाच, साहित्य काही लागत नाही. पहिले आठ दिवस पोरांच्या मांड्या भरून येतात, कुरकुर होते, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी नॉर्डिक सुरू करू नका.

आणि सरावाच्या शेवटी, पोरं दमलेली असताना, दहा मिनिटांचा सामना लावा: एक संघ १-० ने पुढे, पण एक माणूस कमी. आठवड्यातून एकदा पुरे. दमल्यावर फळी वर कशी न्यायची, चेंडू कोपऱ्यात कसा धरायचा, थ्रो कुणी घ्यायचा, हे दमलेल्या पायांनीच शिकावं लागतं. फळ्यावर कितीही बाण काढले तरी ते उतरत नाही.

आता तुमचा स्टॉपर. मांडी दोनदा धरलेली असेल तर तिसऱ्यांदा धरण्याचा धोका इतर पोरांपेक्षा त्याला नक्कीच जास्त. फिजिओने पूर्ण वेगाने पळायची आणि एकदम थांबायची परवानगी दिली नसेल तर बाहेरच ठेवा, मंडळ काहीही म्हणो. परवानगी असेल तर मी त्याला बाकावर ठेवणार नाही, सुरुवातीपासून खेळवीन. पूर्ण वॉर्म-अप करून उतरेल, आणि पंचावन्न-साठ मिनिटांनी तो दमायच्या आत मीच त्याला काढीन. तो बदल माझ्या यादीत आधीपासून असेल आणि येणारा पोरगा मध्यंतरापासून गरम होत असेल. उलट त्याला राखून सत्तराव्या मिनिटाला थंड अंगाने उतरवला आणि पहिल्याच लांब धावेला मांडी धरली, तर एका जागेसाठी दोन बदल जातात, तेही तुम्हाला ते सगळ्यात जास्त लागणार असतात तेव्हा. पर्यायी स्टॉपर तयार नसेल तर तुमच्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला सराव सामन्यांत आतापासून तिथे खेळवायला लागा.